कॅसेटीतली वारी



आपल्या दिंडीची शंभर वर्षं भरली. शंभर वर्षं म्हणजे मोजून चार पिढ्या. पणजोबा चालले, आजोबा चालले, बाप चालला आणि आता नातवंडं चालतात. नारायणगडाला आपण धाकटी पंढरी म्हणतो. संत नगद नारायण महाराजांच्या या गडावर ज्याला आषाढीला पंढरीला जाणं होत नाही, तो येऊन माथा टेकतो. ज्याचे पाय चालतात, तो दिंडीत चालतो. या स्मरणिकेत गडाचा महिमा, महंतांची परंपरा, वाटेवरचे मुक्काम यांवर जाणत्या मंडळींनी लिहिलेलं आहेच. मी एका साध्या वस्तूचा इतिहास सांगणार आहे. ती वस्तू तुमच्या घरातच कुठंतरी पडलेली आहे. लोखंडी कपाटाच्या वरच्या खणात, ट्रंकेत लुगड्यांच्या खाली, नाहीतर टीव्हीच्या जुन्या खोक्यात. काळी, पुस्तकाएवढी, दोन गोल चाकांची व्हिडिओ कॅसेट.

तिच्यात कुणाचं लग्न आहे, कुणाची डोहाळजेवणाची पंगत आहे, कुठं सप्ताहातलं काल्याचं कीर्तन आहे, तर कुठं दिंडी गावात आली तेव्हाचं पाच-दहा मिनिटांचं शूटिंग आहे. शंभर वर्षांपैकी साधारण १९८५ ते २००५ या वीसेक वर्षांतच आपली माणसं अशी हलती-बोलती टिपली गेली. त्याआधीची माणसं फार तर एखाद्या काळ्या-पांढऱ्या फोटोत दिसतात, नंतरची मोबाईलमध्ये. मधल्या वीस वर्षांची म्हातारी माणसं फक्त कॅसेटीत आहेत. आणि कॅसेट आता मरायला टेकली आहे. म्हणून हा विषय आजच काढला.

कापड, पोथी आणि छापखाना

एका वस्तूवरचा मजकूर दुसऱ्या वस्तूवर उतरवून जपणं हे आपल्याला काही नवीन नाही. आपल्याच बीड जिल्ह्यात अंबाजोगाईला दासोपंतांनी (१५५१ ते १६१५) पंचीकरणाचा विषय कापडावर लिहिला. ती त्यांची प्रसिद्ध पासोडी. सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद. अंगावर घ्यायच्या पासोडीचं त्यांनी पुस्तक केलं. चारशे वर्षांनीही ती ओळखता येते, कारण तिची कुणीतरी निगा राखली.

ज्ञानेश्वरीचंही तसंच आहे. माउलींनंतर तीनशे वर्षं हातानं नकला होत गेल्या. एकानं लिहिलेली पोथी पाहून दुसऱ्यानं लिहायची, ती पाहून तिसऱ्यानं. प्रत्येक नकलेत एखादा शब्द चुकायचा, एखादी ओवी कुणीतरी आपल्या पदरची घालायचा. पैठणच्या नाथबाबांनी हे पाहिलं आणि शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ ला, जुन्या प्रती ताडून शुद्ध प्रत तयार केली. नाथांनी जे केलं त्याचा अर्थ ध्यानात ठेवा : नकलेची नक्कल करण्यापेक्षा जमेल तितकं मुळाशी जावं. कॅसेटीच्या बाबतीत हीच गोष्ट पुढं पुन्हा येणार आहे.

तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्या गेल्याची कथा लहान पोरालाही माहीत असते. वह्या तरल्या ही आपली श्रद्धा. पण त्याबरोबर दुसरंही खरं, की अभंग लोकांच्या तोंडी होते आणि संताजी जगनाड्यांसारख्या टाळकऱ्यांच्या वह्यांत होते. एका ठिकाणचं गेलं तरी दुसऱ्या ठिकाणी शिल्लक होतं. पुढं १८६९ आणि १८७३ मध्ये मुंबईच्या इंदुप्रकाश छापखान्यातून गाथा दोन भागांत छापून निघाली. तेव्हाही संपादकांना गावोगावच्या वह्या गोळा करून ताडाव्या लागल्या. वह्या कुणी जपल्याच नसत्या तर छापणार काय?

पंढरीची पहिली हलती चित्रं

आता हलत्या चित्रांकडे येऊ. मराठी माणसानं पडद्यावर जी पहिली मोठी कथा दाखवली ती कोणती, ठाऊक आहे? पुंडलिकाची. दादासाहेब तोरण्यांनी पुंडलिकावरच्या नाटकाचं चित्रण करून ते १८ मे १९१२ ला मुंबईत गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात दाखवलं. फाळक्यांच्या राजा हरिश्चंद्राच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट. आज त्या पुंडलिकाची एकही प्रत कुठं उरलेली नाही. विठ्ठलाला विटेवर उभं करणारा पुंडलिक पडद्यावर आला आणि नाहीसा झाला. तो जळावा म्हणून कुणी जाळला नाही. त्याची दुसरी प्रत जपून ठेवावी असं त्या काळी कुणाला वाटलं नाही, एवढंच.

याउलट दामले-फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला प्रभातचा १९३६ चा संत तुकाराम बघा. विष्णुपंत पागनीसांचे तुकोबा पाहून म्हातारी माणसं हात जोडायची. १९३७ ला इटलीतल्या व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवातही त्याचा गौरव झाला. तो आपण आजही बघू शकतो, कारण त्याच्या प्रती जपल्या गेल्या. १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं ते याच कामासाठी. तरीही २००३ च्या जानेवारीत पुण्यात जुन्या प्रभात स्टुडिओच्या आवारात आग लागली आणि जुन्या नायट्रेट फिल्मची कितीतरी रिळं जळाली. ती फिल्म स्फोटक दारूसारखी पेट घेते. सरकारी जागेत ठेवलेल्या मौल्यवान रिळांचं असं होतं, तर ट्रंकेतल्या कॅसेटीचं काय सांगावं?

पंढरीच्या वाटेवर बाहेरची मंडळीही कॅमेरा घेऊन आली. जर्मनीतल्या हायडेलबर्ग विद्यापीठाचे गुंथर सोन्थायमर यांनी खंडोबा, बिरोबा, धनगर यांच्यावर आयुष्यभर अभ्यास केला. त्यांनी हेनिंग स्टेगम्युलर यांच्यासोबत वारीवरही माहितीपट केला. सोन्थायमर १९९२ ला वारले, पण तो माहितीपट मागं राहिला. अशा कामात वारी दिसते, पण ती सगळ्यांची वारी असते. आपल्या गावची दिंडी, आपला विणेकरी, डोक्यावर तुळस घेतलेली आपली आजी ही त्यात सापडत नाही. ती सापडते घरच्या कॅसेटीत.

कॅसेट गावात आली तेव्हा

ही कॅसेट म्हणजे व्हीएचएस. जपानच्या जेव्हीसी कंपनीनं ती १९७६ ला बाजारात आणली. आपल्याकडे १९८२ ला दिल्लीत आशियाई खेळ झाले, त्या वर्षी रंगीत टीव्ही सुरू झाला आणि मागोमाग व्हीसीआर आले. आधी शहरांत, मग तालुक्याला, मग गावात. जानेवारी १९८७ ला दूरदर्शनवर रामायण लागलं आणि गावात एक जरी टीव्ही असला तरी त्याच्यापुढं गाव बसू लागलं. पुष्कळ ठिकाणी टीव्हीलाच हार घालायचे, उदबत्ती लावायचे. लग्नाच्या नाहीतर यात्रेच्या रात्री टीव्ही, व्हीसीआर आणि तीन सिनेमे असं सगळं भाड्यानं यायचं. लाईट गेली की जनरेटर. पहाटेपर्यंत माणसं चावडीपुढं पोत्यावर बसून असायची.

त्याच सुमारास लग्नात शूटिंगवाला दिसू लागला. खांद्यावर मोठा कॅमेरा, बरोबर वायरी उचलणारा पोऱ्या आणि डोळे दिपवणारा हॅलोजन. तो दिवा अंगावर पडला की बायाबापड्या पदर सावरायच्या, म्हातारे फोटो काढतात तसे ताठ उभे राहायचे. कुणी सांगितलं की 'अहो, हला की जरा,' तर उगीच हसायचे. पुढं ज्यांच्या घरचं कुणी मुंबई-पुण्याला नोकरीला होतं, त्यांच्याकडं हातात मावणारा छोटा कॅमेरा आला. मग लग्नाबरोबर सप्ताहाचीही शूटिंग होऊ लागली. काल्याचं कीर्तन, दहीहंडी, दिंडीची मिरवणूक, पंगत.

त्या काळी कोरी कॅसेट महाग होती. म्हणून एक वाईट खोड लागली. जुन्या शूटिंगवरच नवीन भरायचं. कितीतरी घरांत कीर्तनावर सिनेमा भरला गेला आणि आजोबांवर क्रिकेटची मॅच. आपल्या खेड्यातल्या माणसालाच हे झालं असं नाही. १९६९ ला माणूस चंद्रावर उतरला, त्या घटनेच्या मूळ चुंबकीय फिती अमेरिकेच्या नासा संस्थेत सापडेनात. शोध घेतल्यावर २००९ ला त्यांनी जाहीर केलं, की त्या बहुधा पुसून पुन्हा वापरल्या गेल्या. चंद्रावरचं पुसलं जातं, तिथं आपलं काय!

कॅसेटीच्या पोटात काय असतं

कॅसेट खराब का होते हे कळायचं तर ती चालते कशी हे थोडं कळलं पाहिजे. आत पॉलिस्टरची पातळ फीत असते, अर्धा इंच रुंद. तीन तासांच्या कॅसेटीत ती सुमारे अडीचशे मीटर लांब भरते. तिच्या एका अंगाला लोखंडाच्या गंजासारखी बारीक चुंबकीय पूड एका चिकट लेपात घट्ट बसवलेली असते. चित्र आणि आवाज दोन्ही त्या पुडीत चुंबकाच्या खुणा होऊन राहतात. डोळ्याला काही दिसत नाही. जुन्या सिनेमाचं रीळ उजेडात धरलं तर चित्र दिसतं, कॅसेटची फीत उजेडात धरली तर नुसती तपकिरी पट्टी. म्हणून ती वाचायला यंत्रच लागतं.

व्हीसीआरमध्ये एक गोल ढोल असतो. तो आपल्याकडच्या पद्धतीत सेकंदाला २५ वेळा फिरतो आणि त्याच्यावरची दोन हेडं फितीवर केसाहून बारीक अशा तिरक्या रेघा वाचत जातात. एक हेड चित्राच्या एकाआड एक ओळी देतं, दुसरं उरलेल्या. दोन्ही मिळून एक पूर्ण चित्र, सेकंदाला अशी २५ चित्रं. आवाजाची पट्टी मात्र वेगळी असते, फितीच्या एका कडेला सरळ. दुसऱ्या कडेला वेग सांभाळणाऱ्या खुणा.

यातून एक उपयोगाची गोष्ट निघते. कॅसेट लावली आणि पडद्यावर नुसत्या मुंग्या आल्या, चित्र फाटलं, वर-खाली पळायला लागलं, तरी ती फेकू नका. चित्र गेलं तरी पुष्कळदा आवाज शाबूत असतो, कारण तो वेगळ्या पट्टीवर वेगळ्या हेडानं वाचला जातो. आणि वारकऱ्याला आवाज का लहान आहे? एखाद्या जुन्या विणेकऱ्याची चाल, पखवाजाचा तो ठेका, कीर्तनकाराचं ते थांबून बोलणं सगळं आवाजातच आहे. आज दिंडीत जुन्या चाली म्हणणारी माणसं कमी होत चालली. नवीन पोरं सिनेमाच्या चालीवर भजन बसवतात. जुनी चाल पुन्हा शिकायची म्हटली तर गुरू कुठून आणायचा? तो कदाचित कॅसेटीत बसलेला असेल.

मरण कुठून येतं

तीन बाजूंनी. पहिलं, फीतच म्हातारी होते. पूड धरून ठेवणारा लेप हवेतलं पाणी शोषतो, मऊ पडतो आणि हेडाला चिकटतो. आपल्या मराठवाड्याची हवा कोरडी, ती एका परीनं बरी. पण पत्र्याच्या घरात उन्हाळ्याची धग आणि लगोलग पावसाळ्याची ओल, हे फितीला सोसत नाही. खिडकीतून बघितल्यावर रिळावर पांढरी भुकटी किंवा जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी समजा. तशी कॅसेट व्हीसीआरमध्ये घालू नका. फीत तर जाईलच, पण यंत्रात बुरशी राहून पुढच्या कॅसेटीलाही लागेल.

दुसरं, यंत्रं संपली. जपानची फुनाई ही व्हीएचएसचे व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी. तिनं जुलै २०१६ ला उत्पादन बंद केलं. आता जे आहेत ते जुनेच. त्यांचे रबरी पट्टे कडक होतात, हेडं झिजतात, सुटे भाग मिळत नाहीत.

तिसरं, दुरुस्त करणारा माणूस संपत चालला. पूर्वी तालुक्याच्या ठिकाणी टीव्ही-व्हीसीआरवाला मेकॅनिक हमखास असायचा. त्याच्या हातातली कला पुढच्या पिढीनं घेतली नाही, कारण पोटाला मिळत नव्हतं.

हे फक्त आपलं दुखणं नाही. २०१९ ला युनेस्को या जागतिक संस्थेनं साऱ्या जगाला चुंबकीय फितींबद्दल इशारा दिला, की २०२५ च्या सुमारास या फिती वाचण्याची सोयच बहुतेक ठिकाणी संपलेली असेल. जे जपायचं ते लवकर उतरवून घ्या. ती वेळ आता आलीच आहे.

उतरवायचं कसं

आता कामाचं बोलू. कॅसेट संगणकावर नेणं म्हणजे व्हीसीआरमधून निघणारं चित्र नि आवाज एका छोट्या जोडणीतून संगणकात घालणं. मागच्या बाजूला पिवळी, पांढरी, लाल अशा पिना असतात. पिवळी चित्राची, बाकी दोन आवाजाच्या. त्यात घाई चालत नाही. तीन तासांची कॅसेट उतरवायला तीनच तास लागतात. पारायणात पान वगळता येत नाही, तसंच हे.

क्रम असा ठेवावा. आधी सगळ्या कॅसेटी एकत्र करा. सिनेमाच्या बाजूला काढा, त्या दुसरीकडं मिळतील. घरच्या आणि सप्ताहाच्या पुढं घ्या. प्रत्येकीच्या कडेची प्लॅस्टिकची छोटी टिकली तोडून टाका. ती तोडली की चुकूनही तिच्यावर नवीन भरलं जात नाही. यंत्रात पहिल्यांदा बिनकामाची कॅसेट घालून बघा. तिची फीत ओढली-चुरगळली नाही तरच आपली घाला. बरीच वर्षं न लावलेली कॅसेट एकदा शेवटापर्यंत पुढं आणि एकदा मागं फिरवून घ्या, म्हणजे फीत मोकळी होते. चित्रात मुंग्या आल्या तर हेड साफ करायला जाणत्याकडं द्या. जुन्या सवयीनं कापूस घासू नका, त्याचा धागा हेडात अडकतो.

मोबाईलनं टीव्हीच्या पडद्याचं शूटिंग करून 'झालं आपलं काम' असं समजू नका. त्यात काळे पट्टे फिरतात, चित्र लखलखतं आणि महाराजांच्या कीर्तनात कुकरच्या शिट्ट्या ऐकू येतात.

आणि इथं नाथबाबांची गोष्ट पुन्हा येते. फितीवरून फितीवर केलेली प्रत दर वेळी फिकी होत जाते. पाहुण्याकडं असलेली कॅसेट ही बऱ्याचदा नकलेची नक्कल असते. मूळ शूटिंगची कॅसेट कुणाकडं आहे ते शोधा आणि तीच उतरवा. दोन हजार सालाच्या आसपास बऱ्याच घरांनी कॅसेटीवरून सीडी करून घेतल्या आणि मग मूळ कॅसेट अडगळीत टाकली. ती सीडी म्हणजे व्हीसीडी. तिच्यात चित्राच्या ओळी निम्म्याच बसतात आणि एकीत सव्वा तासाच्या आसपासच मावतं. म्हणून तीन तासांचं लग्न कापून-छाटून बसवलेलं असायचं, आणि कापलं काय जायचं? पंगत, म्हातारी माणसं, वाट. तुमच्याकडं व्हीसीडी असली तरी मूळ कॅसेट हुडका.

एकदा संगणकावर चांगली नक्कल झाली की मात्र ती पुन्हा पुन्हा काढली तरी फिकी होत नाही. हा पोथीपेक्षा आणि कॅसेटीपेक्षा मोठा फायदा. चांगल्या प्रतीत तासाला सुमारे १३ जीबी जागा लागते. म्हणजे तीन तासांच्या कॅसेटीला ४० जीबी धरा. एक टीबीच्या डिस्कवर अशा पंचवीसेक कॅसेटी मावतात. ही प्रत आहे तशी ठेवा. मोबाईलवर बघायला लहान प्रत वेगळी काढा.

पण डिस्कही मरते, आणि न सांगता मरते. म्हणून तीन प्रती ठेवा. दोन वेगवेगळ्या प्रकारच्या वस्तूंवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या गावी. तुकोबांचे अभंग वाचले ते असेच, ठिकठिकाणच्या वह्यांमुळं. दर पाचेक वर्षांनी नवीन डिस्कवर उतरवत जा. आणि काम झालं म्हणून कॅसेट जाळू नका. ती उभी ठेवा, कोरड्या जागी.

तोंडची नावं

इथवरचं काम यंत्राचं आहे. पैसे मोजले तर शहरातला माणूसही करून देईल. पण एक काम यंत्राला जमत नाही, आणि खरं सांगायचं तर तेच मोठं आहे.

कॅसेटीत चेहरे आहेत, नावं नाहीत. विणा घेऊन उभा असलेला तो कोण? भाकरीची टोपली डोक्यावर घेऊन मागून येणारी बाई कुठल्या गावची? पंगतीत वाढणारा तो पोरगा आज कुठं आहे? कॅमेरावाल्यानं महाराज, पाटील, पाहुणे यांच्यावर कॅमेरा धरला. चूल पेटवणाऱ्या, पाणी आणणाऱ्या, पालखीमागं चालणाऱ्या माणसांवर तो नुसता फिरून गेला. दोन-तीन सेकंदांची ती माणसं आहेत. पण दिंडी त्यांनीच चालवली. त्यांची नावं कुठल्याच वहीत नाहीत. ती आज फक्त काही म्हाताऱ्या माणसांच्या तोंडात आहेत.

म्हणून सांगतो, फितीची मुदत आहे तशी या तोंडांचीही मुदत आहे, आणि ती फितीपेक्षा जवळ आली आहे. फीत अजून पाच वर्षं तग धरेल कदाचित. ऐंशीच्या पुढची आजी धरेल का?

हे काम कसं करावं याचा धडा आपल्याच जिल्ह्यात आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि त्यांचे फ्रान्सहून आलेले सहकारी गी प्वातवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतल्या बायांच्या जात्यावरच्या ओव्या जमवल्या. त्या एक लाखाहून जास्त भरल्या. बीड जिल्ह्यात माजलगावच्या भीमनगरातही १९९६ ला बायांचा आवाज ध्वनिमुद्रित झाला. त्यांनी बाबासाहेबांवरच्या ओव्या गायल्या. हा सगळा साठा पुढं संगणकावर गेला आणि आता 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहातून कुणालाही ऐकता येतो. त्यात ओवीबरोबर गाणारीचं नाव आणि गाव दिलेलं असतं. 'पारी'ची मंडळी काही गायिकांना पुन्हा शोधत गावोगाव गेली. जातं थांबलं, पिठाची गिरणी आली, पण ओवी कुणाची होती ते हरवलं नाही. ज्या बाईचं नाव सातबाऱ्यावरही नसेल, तिचं नाव तिच्या ओवीपाशी राहिलं.

आपणही तसंच करावं. उतरवलेली कॅसेट घरात चार जाणती माणसं बसवून लावा. सासूबाई, आत्या, काका, शेजारच्या आजी, सगळ्यांना बोलवा. जवळ एक साधी दोनशे पानी वही ठेवा. पडद्यावर वेळेचा आकडा दिसतो, तो लिहा आणि पुढं नाव, गाव, नातं. 'ही आमची धाकटी जाऊ, माहेर पाटोद्याकडचं, दिंडीत तुळस घ्यायची,' असं सांगितलं तर तसंच्या तसं लिहा. दोघांचं पटलं नाही तर दोन्ही लिहा. खोडू नका. त्या वेळी मोबाईलवर त्यांचं बोलणंही भरून घ्या. कारण चित्र बघताना माणूस जे बोलतो ते प्रश्न विचारून निघत नाही.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांचा विचार आधी करावा. दिवाळीच्या आसपास घराला कुलूप लागतं आणि चार-सहा महिने बिऱ्हाड कारखान्यावर असतं. अशा घरांत फोटो नि कॅसेटी जपणं अवघड. घर बदललं, पत्रा गळला, उंदरानं कुरतडलं की गेलं. त्यांची कॅसेट मिळाली तर ती पहिली उतरवावी.

झाकून ठेवायचं आणि दाखवायचं

शेवटचं एक. जे उतरलं ते सगळं लगेच लोकांत टाकू नये. सप्ताहाचं कीर्तन, दिंडीची मिरवणूक हे सगळ्यांचं आहे, ते खुशाल दाखवा. पण लग्न, डोहाळजेवण, घरातलं रडणं-हसणं हे त्या घरचं. कुणाची लेक त्यात आहे आणि पुढं तिचं काय झालं ते घरच्यालाच माहीत. कुणाचा तरुण पोरगा त्यात नाचतोय आणि आज तो नाही. त्या घरच्यांना आधी एकट्यांना बघू द्यावं. ते हो म्हणाले तरच पुढं.

आणि काटछाट करताना जपून. वर नवीन गाणं टाकायचं, जुना आवाज बंद करायचा, फुलं उडवायची हे सगळं वेगळ्या प्रतीत करा, मूळ प्रतीला हात लावू नका. लोकांना नकोसं वाटेल म्हणून पंगतीतली वेगळी बसलेली रांगही कापू नका. कोण कुठं बसलं, कुणाला कुठं बसवलं, तेही त्या काळाचं खरं आहे. संतांनी ज्या भेदावर बोट ठेवलं तो आपल्या गावात कधीपर्यंत होता आणि कधी मोडला, हे पुढच्या पोरांनी आपल्या डोळ्यांनी बघितलं पाहिजे.

कुणी म्हणेल, वारी ही चालायची गोष्ट, बघायची नाही. खरंच आहे. पडद्यावरची वारी बघून कुणाचे पाय दुखत नाहीत आणि कुणाला पुण्यही लागत नाही. पण आपण हरिपाठ म्हणताना ज्यांच्याकडून तो शिकलो त्यांची आठवण काढतोच. उद्या दिंडीत पहिल्यांदा आलेल्या पोराला आपल्या पणजोबाच्या हातातला टाळ दिसला, आवाज ऐकू आला आणि नाव कळलं, तर तो टाळ त्याच्या हातात जरा वेगळा वाजेल.

म्हणून शतकाच्या या वर्षात दिंडीनं एवढं मनावर घ्यावं. दर गावात एका जाणत्या पोरानं कॅसेटी जमवाव्यात, एका घरानं व्हीसीआर सांभाळावा, एका आजीनं नावं सांगावीत आणि एकानं ती वहीत लिहावीत. पैका फार लागत नाही. वेळ लागतो, आणि तोच आता कमी उरला आहे. सप्ताहाला गावात आलात की ट्रंक उघडा.

राम कृष्ण हरी.